ग्रहणांच्या प्राचीन नोंदी आणि पृथ्वीचे घड्याळ

शकुन-अपशकुनांच्या धास्तीने प्राचीन संस्कृतींनी आकाशावर पहारा ठेवला आणि दिसेल ते लिहून ठेवले. ती धास्ती ओसरली, राज्ये लयास गेली. पण मातीच्या पाट्यांवर आणि दरबारी बखरींत राहिलेल्या त्या नोंदींच्या आधारे आजचे शास्त्रज्ञ पृथ्वीच्या परिवलनाचा वेग तपासत आहेत.

इ. स. पू. १३६ मधील एप्रिल महिन्याची १५ तारीख. बॅबिलोन शहरात सूर्योदयानंतर साधारण दीड तासाने सूर्यबिंबाच्या नैर्ऋत्य कडेला ग्रहणाचा स्पर्श झाला. त्यानंतर सव्वा तासाच्या आत सूर्य पूर्ण झाकला गेला. भर सकाळी शुक्र आणि बुध चमकू लागले, तारे दिसले. एवढेच नव्हे, तर सूर्याच्या सान्निध्यामुळे त्या काळात अस्तंगत मानले गेलेले गुरू आणि मंगळही डोळ्यांना दिसले. हा सारा तपशील तेथील निरीक्षकांनी ओल्या मातीच्या पाट्यांवर कोरून ठेवला. त्यांपैकी दोन पाट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या नोंदीच्या सत्यतेविषयी शंका घेण्यास जागा नाही. मात्र आधुनिक गणिताने हेच ग्रहण मागे मोजत गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट समोर येते. पृथ्वी त्या काळीही आजच्याच गतीने स्वतःभोवती फिरत होती असे धरले, तर खग्रास ग्रहणाचा पट्टा बॅबिलोनवरून जातच नाही. तो सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाकडे सरकतो. बॅबिलोनवासीयांनी खग्रास सूर्य पाहिला हे निश्चित असेल, तर चूक गृहीतकात असली पाहिजे. पृथ्वीची गती कायम राहिलेली नाही, हे सांगणारा हा सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक आहे. हा पुरावा उपलब्ध का झाला, हे समजण्यासाठी तो लिहिणाऱ्यांची रीत पाहावी लागते.

भयातून आलेली शिस्त

मेसोपोटेमियात आकाश हे देवांनी राजाला लिहिलेले पत्र मानले जाई. ग्रहण कोणत्या महिन्यात लागले, बिंबाचा कोणता भाग आधी झाकला गेला, त्या वेळी कोणता ग्रह दिसत होता, यावरून कोणत्या देशावर संकट येणार हे ठरे. अशा हजारो शकुनांचा संग्रह 'एनुमा अनु एन्लिल' या नावाने सुमारे ७० पाट्यांच्या मालिकेत करण्यात आला होता. त्यातील एका पाटीवर शुक्राच्या उदयास्ताच्या २१ वर्षांच्या नोंदी आहेत.

हे भय केवळ ग्रंथांत नव्हते. राजाच्या जिवावर बेतणारे ग्रहण लागले, तर काही काळ दुसऱ्याच माणसाला सिंहासनावर बसवण्याची प्रथा अ‍ॅसिरियात होती. हा बदली राजा जास्तीत जास्त शंभर दिवस राजवस्त्रे मिरवी. नंतर त्याला ठार करून अपशकुन 'खरा' केला जाई आणि मूळ राजा पुन्हा गादीवर येई. इ. स. पू. सातव्या शतकात होऊन गेलेल्या एसरहद्दोन राजाच्या काळात हा विधी झाल्याचे त्याच्या दरबारी विद्वानांच्या पत्रव्यवहारातून दिसते. एका निरीक्षणावर माणसाचा जीव अवलंबून असल्यामुळे ते निरीक्षण काटेकोर असणे भाग होते. ग्रहणाची दिशा किंवा वेळ चुकवणे परवडणारे नव्हते.

बॅबिलोनच्या दैनंदिनी

या परंपरेतून पुढे जगातील सर्वांत दीर्घ शास्त्रीय निरीक्षण-मालिकांपैकी एक निर्माण झाली. अभ्यासक तिला 'खगोलीय दैनंदिनी' म्हणतात. उपलब्ध दैनंदिन्यांपैकी सर्वांत जुनी इ. स. पू. ६५२ ची, तर सर्वांत अलीकडची इ. स. पू. ६१ च्या सुमाराची आहे. मधल्या जवळजवळ सहाशे वर्षांत बॅबिलोनवर अ‍ॅसिरियन, खाल्डियन, इराणी, ग्रीक आणि पार्थियन अशा सत्ता आल्या आणि गेल्या. पण आकाश पाहणाऱ्यांचे काम चालू राहिले.

दैनंदिनीची घडण ठरलेली असे. रात्रीमागून रात्र चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ होता, ग्रह कोठे होते, ग्रहण लागले का, हे आधी. मग हवामान. महिन्याच्या शेवटी एका शेकेल चांदीला जव, खजूर, तीळ आणि लोकर किती मिळाली, हा बाजारभाव. युफ्रेटिस नदीची पातळी. आणि शेवटी राज्यातील महत्त्वाच्या घटना. इ. स. पू. ३३१ च्या सप्टेंबरमधील चंद्रग्रहण आणि त्यापाठोपाठ गौगामेला येथे अलेक्झांडरकडून झालेला इराणी सम्राटाचा पराभव एकाच दैनंदिनीत येतो. इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनमध्येच मरण पावला. ती बातमी एवढ्या थोडक्यात येते की, राजा वारल्याच्या शब्दांशेजारीच आकाश ढगाळ असल्याची नोंद आहे.

या नोंदींचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील कबुली. ढगांमुळे काही दिसले नाही, तर पाहिले नाही असेच लिहिले जाई. गणिताने काढलेली आणि प्रत्यक्ष पाहिलेली वेळ यांत निरीक्षक भेद करीत. वेळ मोजण्याचे त्यांचे एकक आजच्या चार मिनिटांचे, म्हणजे आपल्याकडील दहा पळांइतके होते. १३६ च्या ग्रहणाची सुरुवात सूर्योदयानंतर अशा २४ एककांनी झाली आणि पुढे १८ एककांत सूर्य पूर्ण झाकला गेला, असा नेमका हिशेब त्यामुळेच मिळतो.

एवढ्या दीर्घ नोंदींतून नियम हाती लागणे स्वाभाविक होते. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे १८ वर्षे आणि सुमारे ११ दिवसांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा तसाच येतो, हे बॅबिलोनच्या विद्वानांनी ओळखले. ग्रहण कधी लागू शकते हे आधी कळू लागले, तरी शकुनांची पोथी बाजूला पडली नाही. दोन्ही गोष्टी दीर्घकाळ शेजारी नांदल्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने चंद्राचे गणित मांडले, तेव्हा त्याने इ. स. पू. ७२१ च्या चंद्रग्रहणाची बॅबिलोनी नोंद वापरली. साडेआठशे वर्षांपूर्वीचे परक्या देशातील निरीक्षण अशा रीतीने नव्या शास्त्राचा आधार बनले.

कीलाकार लिपीत लिहिलेल्या या पाट्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅबिलोनच्या अवशेषांतून बाहेर आल्या. बहुतेक फुटलेल्या स्थितीत होत्या. त्यांतील खगोलीय तारखा प्रथम श्ट्रासमायर, एपिंग आणि कुग्लर या जेझुइट पंथाच्या अभ्यासकांनी उलगडल्या. विसाव्या शतकात अब्राहम सॅक्स यांनी दैनंदिन्यांचे तुकडे जुळवले आणि हर्मान हुंगर यांनी १९८८ पासून त्यांचे खंड प्रसिद्ध केले. ज्या तुकड्यावरील वर्ष गळून पडले आहे, त्याचा काळ ग्रहांच्या स्थितीवरून परत काढता येतो.

चीन : सिंहासनाच्या दाराशी वेधशाळा

चीनमध्येही आकाशनिरीक्षण हे राज्यकारभाराचे अंग होते. सम्राटाला राज्य करण्याचा अधिकार स्वर्गाकडून मिळतो, अशी धारणा असल्याने आकाशातील प्रत्येक अनपेक्षित घटना म्हणजे त्या अधिकारावरील शेरा ठरे. शांग राजवटीच्या काळातील, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कौल लावण्याच्या हाडांवरही चंद्रग्रहणांचे उल्लेख सापडतात. लू राज्याच्या 'चुन-च्यू' या बखरीत इ. स. पू. ७२२ ते ४८१ या काळातील ३७ सूर्यग्रहणे नोंदली आहेत, त्यांतील इ. स. पू. ७०९ चे ग्रहण खग्रास असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. हॅलेच्या धूमकेतूची इ. स. पू. २४० ची नोंद चिनी आहे. त्यानंतरच्या इ. स. पू. १६४ च्या फेरीची नोंद बॅबिलोनच्या पाट्यांवर मिळते. दोन्ही मिळून त्या धूमकेतूच्या गेल्या बावीस शतकांतील फेऱ्यांची साखळी जुळते.

परंतु सत्तेच्या इतक्या जवळ असलेल्या निरीक्षकांपुढे मोह आणि भीती दोन्ही असत. हान घराण्याच्या संस्थापकाने राजधानीच्या प्रदेशात प्रवेश केला त्या सुमारास पाच ग्रह एकत्र आले, असे त्या घराण्याच्या इतिहासात लिहिले आहे. प्रत्यक्षात ती युती इ. स. पू. २०५ च्या मे महिन्यातील आहे; शुभ शकुन सोयीच्या तारखेला नेऊन बसवला गेला. सुंग राजवटीत परस्परांची तपासणी व्हावी म्हणून राजधानीत दोन स्वतंत्र वेधशाळा ठेवल्या होत्या. अकराव्या शतकात शन क्वो या विद्वान अधिकाऱ्याने चौकशी केली, तेव्हा दोन्ही ठिकाणचे कर्मचारी संगनमताने एकमेकांचे अहवाल उतरवून घेत असल्याचे आढळले. अशी उदाहरणे असूनही चिनी नोंदींचा मोठा भाग विश्वासार्ह ठरतो, कारण त्यांचा ताळा आज गणिताने घेता येतो.

१०५४ चा पाहुणा तारा

ग्रहणाचा ताळा गणिताने घेता येतो. ताऱ्याच्या स्फोटाचा येत नाही. तेथे नोंद हीच एकमेव साक्ष असते. इ. स. १०५४ च्या जुलैच्या ४ तारखेला पहाटे पूर्वेकडे, वृषभ राशीतील एका शिंगाच्या टोकाजवळ, नवा तारा प्रकटला. चिनी परंपरेत अशा ताऱ्याला 'पाहुणा तारा' म्हणत. तो शुक्रासारखा तेजस्वी होता आणि २३ दिवस भरदिवसा दिसत राहिला. रात्रीच्या आकाशातून तो मावळला तो १०५६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे एकवीस महिन्यांनी. दरबारातील ज्योतिषी यांग वेइ-द याने या ताऱ्याचे फळ सम्राटाला अनुकूल असेच सांगितले. त्याचे भाकीत आज कोणाच्या उपयोगाचे नाही, पण तारीख, जागा आणि तेज यांची नोंद अमोल ठरली.

त्याच जागी १७३१ मध्ये जॉन बेव्हिस या इंग्रज निरीक्षकाला एक धूसर ठिपका दिसला. पुढे त्याला क्रॅब तेजोमेघ हे नाव मिळाले. तो फुगत असल्याचे १९२१ मध्ये जॉन डंकन यांनी दाखवले. प्रसरणाचा वेग उलटा मोजत गेल्यास आरंभ सुमारे नऊ शतकांपूर्वीचा येतो, हे ध्यानात घेऊन एडविन हबल यांनी १९२८ मध्ये त्याचा १०५४ च्या ताऱ्याशी संबंध जोडला. १९४२ मध्ये चिनी भाषेचे अभ्यासक डॉयव्हेंडाक आणि खगोलशास्त्रज्ञ मेयॉल व ऊर्ट यांनी जुन्या नोंदी तपासून तो पक्का केला. १९६८ मध्ये या तेजोमेघाच्या केंद्रस्थानी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा स्पंदक तारा सापडला. स्पंदकाचे वय निश्चित तारखेनिशी ठाऊक असल्याची अशी उदाहरणे विरळाच. सुपरनोव्हाच्या अभ्यासात क्रॅबचे स्थान म्हणूनच वेगळे आहे.

जपानी कवी फुजिवारा नो तेइका याने १२३० मध्ये धूमकेतू पाहिल्यावर आपल्या दैनंदिनीत पूर्वीच्या पाहुण्या ताऱ्यांची यादी उतरवून घेतली. १००६, १०५४ आणि ११८१ हे तिन्ही तारे त्यात आहेत. ११८१ च्या ताऱ्याचे अवशेष कोणते, याचा वाद बराच काळ मिटत नव्हता. २०१३ मध्ये एका हौशी निरीक्षकाला आढळलेला एक अंधुक तेजोमेघच ते अवशेष असावेत, असे संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. आठ शतकांपूर्वीची नोंद अशा रीतीने अलीकडेच पुन्हा कामास आली.

माया संस्कृती : वाचलेल्या चार पोथ्या

मध्य अमेरिकेतील माया लोकांनी आकाशाचे गणित साल वृक्षाच्या नव्हे, तर अंजीर कुळातील झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर लिहिले. जर्मनीत ड्रेस्डेन येथे जतन केलेल्या पोथीत शुक्राचे कोष्टक आहे. शुक्राचे एक चक्र ५८४ दिवसांचे धरून अशी पाच चक्रे म्हणजे ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षे, हा मेळ त्यात बसवला आहे. त्याच पोथीत ४०५ चांद्रमासांचे, म्हणजे ११,९६० दिवसांचे ग्रहण-कोष्टकही आहे. एवढा नेमका मेळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणांवाचून बसणे शक्य नाही.

ती मूळ निरीक्षणे मात्र हाती नाहीत. १५६२ मध्ये युकातानमधील मानी येथे दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. दमट हवा आणि काळानेही आपले काम केले. आज जगात केवळ चार माया पोथ्या उरल्या आहेत. कोष्टके राहिली आणि त्यांमागच्या नोंदी गेल्या, म्हणून विशिष्ट दिवशी माया निरीक्षकाला काय दिसले, हे सांगता येत नाही.

कैरोची वेळ आणि भारतातील ताम्रपट

मध्ययुगात वेळमापनाचा कळस गाठला तो अरबी भाषेत लिहिणाऱ्या खगोलज्ञांनी. दहाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे इब्न यूनुसने ग्रहणाच्या प्रारंभी आणि शेवटी सूर्य वा तारा क्षितिजापासून किती अंशांवर होता, हे मोजून लिहिले. उंचीवरून वेळ काढता येते, आणि घड्याळाच्या चुका तिच्यात शिरत नाहीत. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनी १८७८ मध्ये चंद्राच्या गतीचा अभ्यास करताना याच नोंदी वापरल्या.

भारतात चित्र निराळे आहे. येथील सिद्धान्तपरंपरेचा भर ग्रहण आधी गणिताने काढण्यावर होता. प्रत्यक्ष निरीक्षणांच्या सलग वह्या फारशा हाती आलेल्या नाहीत. ठळक अपवाद केरळच्या परमेश्वराचा. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील या गणितज्ञाने दीर्घकाळ ग्रहणे पाहिली आणि गणित व दृश्य यांत पडणारा फरक भरून काढण्यासाठी 'दृग्गणित' ही पद्धत मांडली. १०५४ च्या ताऱ्याचा संस्कृत ग्रंथांत उल्लेख आहे का, याचा शोध डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनी घेतला होता. निर्विवाद म्हणावी अशी नोंद त्यात मिळाली नाही.

ग्रहणांचे भारतीय पुरावे आहेत ते वेगळ्या ठिकाणी, शिलालेखांत आणि ताम्रपटांत. ग्रहणकाळी दान देण्याची प्रथा असल्याने राजांच्या दानपत्रांत शक, मास, तिथी यांबरोबर ग्रहणाचा उल्लेख येतो. ग्रहण किती लागले, कोणत्या वेळी लागले, हे मात्र बहुधा नसते. त्यामुळे पृथ्वीच्या गतीसाठी त्यांचा उपयोग मर्यादित, पण इतिहासाच्या कालगणनेसाठी मोठा. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हे काम एकोणिसाव्या शतकात केले. फ्लीट यांच्या १८८८ मधील गुप्तकालीन लेखांच्या ग्रंथासाठी तारखांचे गणित त्यांनी करून दिले, आणि १८९६ मध्ये रॉबर्ट स्यूएल यांच्यासह भारतीय कालगणनेची कोष्टके सिद्ध केली. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मराठी ग्रंथही १८९६ चाच.

साचत गेलेले सव्वातीन तास

आता पुन्हा बॅबिलोनच्या ग्रहणाकडे. जुन्या ग्रहणांशी आजचे गणित जुळत नाही, याची पहिली शंका एडमंड हॅले यांना १६९५ मध्ये आली होती. चंद्राची गती वाढली असावी, असे त्यांना वाटले. १७५४ मध्ये तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने वेगळी बाजू मांडली. चंद्रामुळे समुद्राला येणारी भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्याला सतत रोध करते, म्हणून दिवस लांबत गेला पाहिजे. या रोधापायी पृथ्वी जे गमावते, ते चंद्राच्या कक्षेला मिळते आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून परतणाऱ्या लेसर किरणांनी हे अंतर आज मोजले जाते.

दिवसाची वाढ मात्र अत्यल्प आहे. इंग्लंडमधील रिचर्ड स्टीफन्सन, लेस्ली मॉरिसन आणि कॅथरिन होहेनकर्क यांनी इ. स. पू. ७२० ते इ. स. २०१५ या काळातील बॅबिलोनी, चिनी, ग्रीक, अरबी आणि युरोपीय नोंदी एकत्र तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानुसार दिवस शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पावणेदोन-दोन पटींनी लांबतो. मग एवढ्याशा फरकाने ग्रहणाचा पट्टा ४९ अंश कसा सरकतो? उत्तर साचण्यात आहे. रोज किंचित पुढे जाणारे घड्याळ महिन्याअखेर बरेच चुकलेले असते, तसेच हे. सात लाखांहून अधिक दिवसांचे हे बारीक फरक एकत्र येऊन सव्वातीन तास होतात. आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने सव्वातीन तास म्हणजेच ते ४९ अंश.

यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. केवळ भरती-ओहोटीचा रोध धरला, तर दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा होता. प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी आहे. हिमयुगातील प्रचंड बर्फाचे ओझे वितळल्यानंतर ध्रुवांकडील भूभाग अजूनही वर उचलला जात आहे, त्याने पृथ्वीचा आकार किंचित बदलतो आणि गती थोडी वाढते. पृथ्वीच्या गाभ्यातील हालचालींचाही यात वाटा असावा. पृथ्वीच्या पोटातील घडामोडींचा असा माग युफ्रेटिसकाठच्या मातीच्या पाट्यांवरून लागतो.

आण्विक घड्याळे विसाव्या शतकाच्या मध्यास आली. त्यांच्याशी पृथ्वीच्या दिवसाचा मेळ राखण्यासाठी १९७२ पासून २०१६ पर्यंत २७ वेळा एकेक 'लीप सेकंद' वाढवण्यात आला. संगणकीय यंत्रणांना त्याचा त्रास होत असल्याने २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचा निर्णय २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला आहे. काही दशकांची अचूक मोजमापे मात्र शतकांची चाल दाखवू शकत नाहीत. अडीच हजार वर्षांचा कल सांगणारे दुसरे उपकरण उपलब्ध नाही; जुन्या निरीक्षकांचे डोळे हेच ते उपकरण.

नोंदीचे मोल

या सर्व परंपरांतून एक निकष पुढे येतो. नोंद उपयोगी पडली ती लिहिणाऱ्याला घटनेचे कारण कळले होते म्हणून नाही. ग्रहण का लागते, तारा का फुटतो, याविषयीच्या त्या काळातील बहुतेक समजुती आज टिकत नाहीत. टिकली ती तारीख, जागा, वेळ आणि जेथे दिसले नाही तेथे 'दिसले नाही' असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा. जेथे शकुनाच्या सोयीसाठी तारीख हलवली गेली, तेथे ताळा घेताच चूक उघडी पडली; जेथे पोथ्या जाळल्या गेल्या, तेथे ताळा घ्यायलाच काही उरले नाही. बॅबिलोनच्या पाट्यांचे हजारो तुकडे आज संग्रहालयांत आहेत, आणि दानपत्रांतील ग्रहणांचे उल्लेख तपासण्याचे काम भारतातही चालू आहे. त्यांतील प्रत्येक नेमकी तारीख पृथ्वीच्या घड्याळाचा एक ठोका आहे.

दृष्टिक्षेपात

इ. स. पू. ७०९ : चीनमधील लू राज्याच्या बखरीत खग्रास सूर्यग्रहणाची स्पष्ट नोंद.
इ. स. पू. ६५२ : बॅबिलोनची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी खगोलीय दैनंदिनी.
इ. स. पू. २४० : हॅलेच्या धूमकेतूची चिनी नोंद.
इ. स. पू. १३६ : बॅबिलोनमध्ये वेळेसह नोंदलेले खग्रास सूर्यग्रहण.
इ. स. १०५४ : वृषभ राशीतील पाहुणा तारा, २३ दिवस दिवसा दृश्य.
इ. स. १५६२ : मानी येथे माया पोथ्यांचे दहन.
इ. स. १६९५ : जुन्या ग्रहणांवरून हॅले यांना चंद्राच्या गतीविषयी शंका.
इ. स. १९४२ : क्रॅब तेजोमेघ आणि १०५४ चा तारा यांचा संबंध पक्का.
इ. स. २०१६ : २,७०० वर्षांच्या नोंदींवरून पृथ्वीच्या दिवसाच्या वाढीचे मोजमाप प्रसिद्ध.